सवयींचा रकाना

लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा हटकून विचारतो, "आपण काय करता?" मी आयुष्यभर एकच उत्तर देत आलो, "लॅबमध्ये असतो. रक्त, लघवी वगैरे." माझी सगळी नोकरी त्या 'वगैरे'त गेली. म्हैसूरच्या विजयनगर भागात, मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांचा एक दवाखाना आहे. त्याला जोडलेल्या लॅबमध्ये पुरुषांचं वीर्य तपासणं हे माझं काम होतं. आता निवृत्त झालोय. माझं उत्तर ऐकून कोणी ताटावरून उठेल ही भीती राहिलेली नाही, म्हणून सरळ लिहितो.

काम दिसायला सोपं. माणसानं तीन-चार दिवस बायकोपासून लांब राहून यायचं, आतल्या छोट्या खोलीत जायचं आणि झाकणाची डबी खिडकीतून माझ्या हातात द्यायची. डबी देताना एकही माणूस माझ्याकडे बघत नसे. नमुना सुरुवातीला घट्ट असतो. अंगाच्या उबेइतक्या उबेत अर्धा तास ठेवला की पातळ होतो. मग एक थेंब चौकटी आखलेल्या काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. किती बीजं आहेत, त्यांतली किती पुढे पोहतात, किती जागच्या जागी वळवळतात, किती मेलेली आहेत, हे सगळं मोजायचं, तेही तासाभराच्या आत. घरून आणायचं असेल तर डबी शर्टाच्या आत पोटाशी धरून आणा, असं आम्ही बजावून सांगायचो. तरी एच. डी. कोट्याहून एक मासळीवाला आला तो डबी बर्फात खोचून. "फ्रेश राहू दे म्हणून सार," म्हणाला. काबिनी नदीचा मासा आणि हे यांत फरक आहे, हे त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

बाहेरच्या माणसाला माहीत नसते अशी एक गोष्ट सांगतो. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे आज डबीत जे आलं, ते तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराचं. काल सोडलेली दारू आजच्या रिपोर्टात दिसत नाही. म्हणूनच आमच्या फॉर्मवर नाव, वय यांच्या खाली एक रकाना असतो, सवयींचा. तंबाखू, दारू, गांजा, गोळ्या-इंजेक्शनं. तो विचारून भरायचं काम माझं.

गालात गुटखा धरून माणूस सांगतो, "काहीच नाही सार." हळूहळू मला युक्ती सापडली. 'पिता का?' असं विचारलं की माणूस संत होतो. 'दिवसाला किती?' असं विचारलं की तो निमूट आकडा सांगतो. नव्या पोरींना लॅबमध्ये मी सगळ्यात आधी हे शिकवायचो.

आकडा कळला की पुढचं सगळं कळत जायचं. एका जिमचे मास्तर आले होते. दंड माझ्या मांडीएवढे, आणि काचेवर एकही बीज नाही. नमुना यंत्रात फिरवून तळचा गाळही बघितला, तरी नाही. ते उखडले. "तुमची काच खराब आहे." मी त्यांना उठवून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. म्हणाले, "यात काहीच दिसत नाही." मी म्हणालो, "तेच रिपोर्टमध्ये लिहिलंय." शरीर फुगवायला ते जी इंजेक्शनं घ्यायचे, ती म्हणजे पुरुषाचा हार्मोनच. तो बाहेरून आयता यायला लागला की मेंदू आतल्या कारखान्याला काम बंद करायला सांगतो. इंजेक्शनं बंद करून वर्षभरानं ते परत आले तेव्हा थोडी बीजं दिसली. सगळ्यांच्या बाबतीत तेवढंही होत नाही.

आणखी एक हेडक्लार्क होते, अतिशय सभ्य. रोज संध्याकाळी मोजून पिणारे, फक्त मोजमाप वर्षागणिक वाढत गेलेलं. इच्छाही गेली होती आणि छाती बाईसारखी वाढली होती. दारूनं पुरुषाचा हार्मोन उतरतो आणि लिव्हर थकलं की बायकांचा हार्मोन अंगात साचत जातो. "घरात माझ्यासमोर शर्ट काढत नाहीत," त्यांची बायको मला म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली. ते हसणं नव्हतं. सिगरेट-तंबाखूवाल्यांची गोष्ट वेगळी. रक्तवाहिन्या बारीक होतात, आणि पुरुषाच्या ज्या कामाला रक्त धावून यावं लागतं, तिथं ते येत नाही. ही माणसं बायकोला घेऊन येतात आणि म्हणतात, "हिला तपासा."

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

आम्ही म्हैसूरचे मराठे. पूर्वज कधीकाळी इथल्या राजाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. फौज गेली, घरोघरी एकेक तलवार राहिली. ती आता फक्त लग्नात म्यानातून निघते. अंतरपाट धरला की मुलाचा मामा ती घेऊन त्याच्या पाठीमागे उभा राहतो. घरात मराठी बोलतो, निम्मी कन्नडच. पण त्या मराठीत देव आहे, जेवण आहे, नातीगोती, भांडणं आहेत. कमरेखालच्या गोष्टींना शब्दच नाही. त्यामुळे खिडकीशी आपल्यातला माणूस आला की मी कन्नडमध्ये विचारायचो आणि तोही कन्नडमध्येच उत्तर द्यायचा. दोघांनी तेवढ्यापुरतं परकं व्हायचं. ही सोय चांगली होती. फक्त सख्ख्या माणसाच्या बाबतीत ती चालत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा प्रताप. बेळगोळच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याच्यासाठी एच. डी. कोट्याच्या सुमाचं स्थळ मीच आणलं आणि लग्नात तलवार घेऊन मीच मागे उभा राहिलो. लग्नानंतर वर्षभरात प्रताप शिडीवरून पडला. पाठीला मार लागला, दोन महिने अंथरुणात होता. त्यातून उठला, कामावर गेला. चार वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून अक्का दोघांना घेऊन थेट माझ्याकडे आली.

"बाहेर कुठं जायचं नाही तम्मा," ती म्हणाली. मी नातवंडांचा आजोबा झालो तरी ती मला तम्माच म्हणते, धाकटा भाऊ. "तू आहेस. घरातलं घरात राहतंय."

प्रताप खिडकीशी आला. मी मान वर न करताच डबी सरकवली. सही करायला तो वाकला आणि त्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट टेबलावर पडलं. दहातल्या आठ संपलेल्या. मी गोळ्यांचं नाव वाचलं. साधी वेदनाशामक नव्हती. अफूच्या जातीची, कडक, डॉक्टर थोडे दिवस देऊन बंद करतात ती. पडल्याला तीन वर्षं होऊन गेली होती. मग मी मान वर केली. डोळे पेंगुळलेले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि तो सारखा हात खाजवत होता.

"पाठीचं आहे मामा," तो म्हणाला.

"हं," मी म्हणालो आणि पाकीट त्याच्या हातात दिलं. तो आत गेल्यावर मी सवयींच्या रकान्यात चारही ठिकाणी 'निल' लिहिलं. शेकडो लोकांना विचारलं होतं, पण त्या दिवशी तोंड उघडलं नाही. तो माझ्या मांडीवर वाढलेला. त्याला मराठीत विचारू कसं, आणि कन्नडमध्ये विचारलं असतं तर मी त्याचा मामा कसला?

बीजं कमी होती आणि होती तीही झोपेत असल्यासारखी. आमच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बघून मला बोलावलं. "व्यंकोजी, हॅबिट्स निल आहेत. मग हे असं का?"

"गोत्तिल्ला मॅडम," मी म्हणालो. माहीत नाही.

माझ्या फॉर्मवर मॅडमचा डोळे झाकून विश्वास. कारण सापडलं नाही म्हणून त्यांनी प्रतापला ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि त्या सुमाकडे वळल्या. तिच्या नळ्यांत औषध सोडून फोटो काढले. पोटाला भोकं पाडून दुर्बीण घातली. महिनोन्‌महिने इंजेक्शनं दिली. दोनदा प्रतापचं वीर्य धुऊन, त्यातल्या त्यात चांगलं निवडून तिच्या गर्भाशयात सोडलं. धुवायचं काम माझं. मी ते मन लावून केलं, याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता.

दुसरी खेप फुकट गेल्यावर एका सकाळी सुमा एकटीच लॅबमध्ये आली. फाईल छातीशी धरलेली. बराच वेळ फळ्यावरचे दर वाचत उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, मॅडमना तुम्ही सांगाल? मला जमत नाही."

"काय?"

"ते मात्रे खूप घेतात. पाठीच्या गोळ्या. संध्याकाळी वर ब्रँडी. आणि…" ती फाईलीच्या कोपऱ्याशी चाळा करायला लागली. "दोन वर्षं झाली मामा. ते जवळच येत नाहीत. यायला जातात आणि रडतात. मूल कुठनं होणार?"

त्या मुलीनं हे मराठीत सांगितलं. मला जे जन्मात जमलं नाही ते तिनं करून दाखवलं. आणि मी काय केलं? इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि म्हणालो, "सुमा, नवऱ्याचं असं बाहेर बोलू नये. देव देईल. जा घरी."

ती गेली. पुन्हा आली नाही. चार-सहा महिन्यांत अक्कानं तिला माहेरी पाठवलं. भांडण नाही, तंटा नाही. 'थोडे दिवस राहून ये' म्हणून पाठवलं आणि न्यायला कोणी गेलं नाही. मग एका रविवारी अक्का माझ्याकडे जेवायला आली आणि ताक पिता पिता म्हणाली, "तम्मा, आणखी एखादी मुलगी बघ की रे. ही वांझच निघाली. तुझाच दवाखाना, तुला तर माहीत आहेच."

मला माहीत होतंच. तो घास मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी मी प्रतापला लॅबवर बोलावलं. खिडकी लावून घेतली, टेबलाच्या पलीकडे बसवलं, कोरा फॉर्म पुढ्यात घेतला. आणि भाच्याला मी कन्नडमध्ये, अहो-जाहो करून विचारलं, "दिनक्के एष्टु?" दिवसाला किती?

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानंही मला 'सार' म्हटलं आणि सगळं सांगितलं. आधी दोन घ्यायचा, आता सहा, कधी आठ. पाठ कधीच बरी झाली होती. पण गोळी चुकली की अंग मोडून यायचं, घाम सुटायचा, म्हणून घ्यायची. इच्छा पार मेली होती. आपण पुरुषच उरलो नाही, असं वाटून ब्रँडी. तो बोलत गेला आणि मी लिहीत गेलो. एवढं सोपं होतं ते.

या गोळ्या मेंदूला गुंगवतात, आणि पुरुषी हार्मोन तयार करा असा जो हुकूम मेंदूकडून खाली जातो, तोही गुंगतो. आधी इच्छा जाते, मग ताकद, मग बीजंही कमी होऊ शकतात. दारू त्यात भर घालते. पण बहुतेक वेळा हे परत येतं. मी त्याला तीन महिन्यांचं गणित सांगितलं. नवा फॉर्म घेऊन मॅडमकडे गेलो. जुना 'निल' माझा होता, हे कबूल केलं. त्या ओरडल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "त्या मुलीला मी किती इंजेक्शनं दिली, व्यंकोजी?" मी आकडा सांगितला. त्यानंतर त्यांनी माझा एकही फॉर्म स्वतः विचारून खात्री केल्याशिवाय घेतला नाही, आणि मला त्याबद्दल बोलायला तोंड नव्हतं.

असल्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. मॅडमनी प्रतापला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी दुसऱ्या औषधाचा आधार देऊन हळूहळू गोळ्या उतरवल्या. फार हाल झाले त्याचे, पण तो टिकला. फक्त एक अट त्यानं घातली, "आईला नको मामा." मलाही तेच बरं वाटलं. घरी 'पाठीचे नवे उपचार चालू आहेत' एवढंच सांगितलं. अक्कानं जास्त विचारलं नाही.

गोळ्या सुटल्यावर तीन महिन्यांनी त्याचा नमुना काचेवर घेतला आणि मी खुर्चीतून उठलो. प्रतापला हाताला धरून आत आणलं, सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. सगळीकडे पळापळ चालली होती. तो डोळा लावून कितीतरी वेळ बसला.

"हे माझे?" त्यानं विचारलं. मराठीत.

"तुझेच रे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा आनंद मला झालेला नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं सुमाला आणायला एच. डी. कोट्याला गेलो. प्रतापनं नवा शर्ट घातला होता. रिपोर्ट खिशात. तिच्या वडिलांनी ओसरीवर बसवलं, कॉफी दिली. प्रतापनं तिच्यासमोर रिपोर्ट ठेवला आणि माफी मागितली, चांगली मागितली. तिनं कागद उचलला नाही. ती त्याच्यावर रागावलेलीही दिसली नाही. माझ्याकडे वळून ती एवढंच म्हणाली, "मी तुमच्याकडे आले होते मामा."

मग प्रतापला म्हणाली, "तुम्ही बरे झालात, चांगलं झालं. मला आता बेडा." नको. आणि ती आत गेली. बसमध्ये प्रताप खिडकीबाहेर बघत बसला.

पाचव्या दिवशी दुपारी तो जेवून झोपला तो उठलाच नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. अक्का स्वयंपाकघरात खाली बसली होती, मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती शांतपणे बोलत होती.

"कोट्याहून आल्यापासनं तळमळत होता रे. झोप नाही, जेवण नाही. त्या दिवशी म्हणाला, आई, पाठ. कपाटात पहिल्याच्या मात्रे होत्या. आधी मीच आणायचे की त्याला, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं, जुनी चिठ्ठी दाखवून. त्याच सहा दिल्या. स्वल्प ब्रँडी पण घेतली त्यानं. बायको गेलेला माणूस, म्हणून मी काही बोलले नाही. रोज घ्यायचा तम्मा तो. तेवढ्याच घ्यायचा. मत्ते, मग त्या दिवशीच काय झालं?"

काय झालं ते मला ठाऊक होतं. तीन-चार महिने गोळी न मिळालेलं शरीर ती पचवायचं विसरतं. जी मात्रा पूर्वी नुसती गुंगी आणायची, तीच आता, वर दारू असली तर, श्वास थांबवते. सोडलेल्या माणसाच्या घरात जुनं पाकीट ठेवायचं नसतं, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं. पण ते कपाट अक्काचं होतं, आणि अक्काला तर आम्ही काही सांगितलंच नव्हतं.

"हार्ट होतं अक्का," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. अजूनही ती सगळ्यांना तेच सांगते, आणि खात्री पटावी म्हणून पुढे जोडते, "माझा भाऊ लॅबमध्ये होता, त्यालाच माहीत."

हे सगळं मराठीत लिहिलं, कारण आमच्या घरात मराठी बोलतात सगळे, पण वाचता माझ्याशिवाय कोणाला येत नाही. अक्का कन्नड वाचते, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. हे छापलेला अंक घरी आला की ती चष्मा लावून माझ्या शेजारी बसेल आणि म्हणेल, तुझं नाव कुठं छापलंय ते दाखव. मी बोट ठेवून दाखवीन.